भोंग्यावरचं नाव

“ह्यो चिमटा काढ आधी,” मामंजी म्हणाले. “मी काय दोरीवर वाळत घातल्यालं धोतर हाय व्हय?”

आमच्या गावची आशा सेविका मंदा त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. आकडा ब्याण्णव होता. सकाळी आरोग्य केंद्रात आम्हा तिघांच्याही नाकात काडी घालून तपासणी झाली होती. माझी आणि सासूबाईंची निगेटिव्ह आली, माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, पॉझिटिव्ह. त्यांना न्यायला आलेली गाडी खाली डांबरी सडकेवर थांबली होती. आमच्या आळीत गाडी शिरत नाही, त्यामुळे तिथवर चालतच जायचं होतं.

“मामा, आठ दिवसांत कुणाकुणाबरोबर बसला-उठला?” मंदाने वही उघडली.

“कुनाबरबर न्हाई. घर आन् गोठा. दुसरं हाय काय मला?”

“गोठ्यावर कोण येतं?”

“म्हशी येत्यात.”

मंदा हसली नाही. तिने वहीत एक आडवी रेघ मारली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मामंजींनी टॉवेल तोंडाला गुंडाळला, पिशवीत पानाची चंची आहे का ते चाचपलं आणि दारातून मागे वळून माझ्याकडे बघितलं.

“कुनी इचारलं तर मोतीबिंदू. कराडला डोळं दाखवाया गेल्यात, असं सांगायचं. काल संध्याकाळी ताप भरला तवाच चार घरी फोनवर तसं सांगून ठिवलंय मी. आन् शालन, भोंग्यावर माजं नाव घ्यायचं न्हाई. पंधरा वर्सं सरपंच हुतो मी ह्या गावाचा. घरात बसा, घरात बसा म्हनून पाच महिनं लोकांवर वरडलोय. आता माजीच वरात निघाल्याली गावाला दावू नगंस.”

“न्हाई घेत, मामंजी.”

यात वचन देण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचं नाव मी लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.

शिंगणदरे हे आमचं गाव पाटण तालुक्यात डोंगराच्या पोटाशी आहे. गावात दीडशे उंबरा, त्यातली निम्मी घरं आमच्या भावकीची. आमच्याकडे सून नवऱ्याचं नाव उखाण्यात घेते, ते एकदाच. सासरा, चुलत सासरे, थोरले दीर यांचं नाव तर तोंडातून काढतच नाही. लिहायला चालतं, बोलायला नाही. हे कुणी शिकवत नाही. नवी सून आली की पहिल्या आठ दिवसांतच तिच्या जिभेला ते वळण लागतं. मग ‘अमकीचे वडील’, ‘तमकीचे आजोबा’ असं करत आयुष्य निघून जातं, आणि अडत काही नाही.

माझं अडलं ते सरपंच झाल्यावर, आणि तेही लगेच नव्हे. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून मला उभं केलं. सही माझी असायची, बोलणं सगळं ह्यांचं. हे नव्या मुंबईच्या मार्केटात माथाडी, शनिवारी गावी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मधले पाच दिवस मामंजी बघायचे. मी ग्रामसभेत पदर घेऊन खुर्चीवर बसायची आणि भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, बोट ठेवतील तिथे सही करायची. विरोधी पॅनेलचे आनंदराव माने मला ‘सहीवाल्या बाई’ म्हणायचे. मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात?

मग मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि हे तिकडेच अडकले. रोज काही ना काही गावाला सांगायची वेळ आली. पंचायतीवर भोंगा होता, पण मामंजींची कवळी माइकमध्ये शिट्टी वाजवायची. दोन दिवस त्यांनी बोलून बघितलं. गावाला रोगाची माहिती मिळाली नाही, करमणूक मात्र झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पंचायतीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

“तुजं दात शाबूत हायती. तूच बोल.”

पहिल्या दिवशी माझे पाय असे कापत होते की मी खुर्चीवर मांडी घालून बसले. पुढे सवय झाली. रोज सकाळी नऊला मी बटण दाबायची. रेशन कुठल्या आळीला कधी, मुंबईहून आलेली माणसं शाळेत किती, त्यांना जेवण कुणाच्या घरून, डॉक्टर कधी येणार, आणि शेवटी ‘काल आपल्या गावात नवीन रुग्ण नाही’. त्या वाक्याला गाव थांबून राहायचं. बायका नळावरची घागर बाजूला घ्यायच्या, कारण पाण्याच्या धारेत ऐकू येत नसे. आता सगळं मोबाईलच्या ग्रुपवर येतं, कोण वाचतं, कोण न वाचता हात जोडलेलं चित्र टाकतं. तेव्हा नऊ वाजले की दीडशे घरं एकाच वेळी गप्प होत. अख्ख्या गावाने कान देऊन मला ऐकलं, असे ते सात-आठ महिने माझ्या आयुष्यात पुन्हा यायचे नाहीत. वाईट दिवस होते, लोक मरत होते, हे मला कळतं. तरी आठवण येते ती येतेच.

रेशनसाठी गर्दी नको म्हणून मी नावं पुकारायला लागले आणि घोटाळा सुरू झाला. भावकीतल्या सात म्हाताऱ्यांची नावं मला घेता येईनात. मग मी म्हणायची, ‘आमचे बिडीवाले मामंजी, दहा वाजता.’ ‘आमचे पेन्शनवाले मामंजी, सव्वादहा.’ ‘आमचे टोपी हरवलेले मामंजी.’ गाव हसून लोळायचं. ह्यांचा तिकडून फोन आला, “अगं, इथं मार्केटात हसत्यात लोकं. भोंग्यावर सासऱ्यांचं दुकान मांडलंयास व्हय?” पण माझं काम चालत होतं. सातही मामंजी बरोबर आपापल्या वेळेला पोतं घेऊन हजर असत.

मामंजींना गाडीत बसवून आले तेव्हा सासूबाई चुलीपुढे नुसत्याच बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. चुलीत जाळ नव्हता.

“चार कप,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“रोज दुपारी किटलीत चार कप च्या घेऊन जायाचं गोठ्यावर. म्या एकदा म्हनलं, म्हसरं च्या पीत्यात व्हय? तर वरडलं माज्यावर. गंजिफा असत्यात त्यांच्या कोपरीच्या खिशात. मेंढीकोट खेळायला चौघं लागत्यात, यवढं मला बी कळतं.”

“मग बाकीचे तिघं कोण?”

“त्ये न्हाई ठावं. किटली भरून द्यायची, यवढंच माजं काम.”

श्रावण होता. पाऊस लागून राहिला होता, शेतातली खुरपणी-भांगलण बायकांकडे आणि पुरुष रिकामे. गोठ्याच्या बंद खोपीत चार म्हातारे डोक्याला डोकं लावून आठ दिवस पत्ते खेळले होते. आणि मी रोज सकाळी भोंग्यावरून ओरडत होते की चार जणांनी एकत्र बसू नका. मी मंदाला फोन केला. ती म्हणाली, “वहिनी, ते तिघं उद्याच्या उद्या शाळेत आले पाहिजेत. म्हाताऱ्या माणसाचा ऑक्सिजन उतरायला लागला की त्याला स्वतःला कळत नाही. चालता-बोलता असतो आणि मग एकदम बसतो.”

नियमाने मीही घरातच राहायला हवं होतं. पण भोंग्याची खोली आमच्या परड्याच्या मागेच होती, वाटेत कुणी भेटत नसे आणि आत मी एकटीच असायची. बुधवारी नऊला मी जाऊन बसले. भाऊसाहेबांनी फोनवर बजावलं होतं, “रुग्णाचं नाव जाहीर करायचं नाही, वरून आदेश आहे.” मामंजींनी बजावलं होतं. माझ्या जिभेनेही बजावलं होतंच. मी बटण दाबलं आणि म्हणाले,

“ग्रामस्थांना कळवण्यात येतं की आपल्या गावात पहिला रुग्ण सापडला आहे. आमच्या मामंजींची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. जे कुणी त्यांच्याबरोबर बसले-उठले असतील त्यांनी आज शाळेत येऊन तपासणी करून घ्यावी. घाबरू नये.”

मला वाटलं, झालं. नाव न घेता सांगितलं, कुणाची आज्ञाही मोडली नाही. मी स्वतःवर खूश होऊन घरी आले.

अकरा वाजले तरी शाळेत कुणी फिरकलं नाही. साडेअकराला आळीच्या खालच्या टोकाकडून आरडाओरड ऐकू आली. मी परड्यात जाऊन उभी राहिले. बिडीवाले मामंजी आपल्या ओट्यावर उभे राहून हातातली काठी आपटत होते.

“कुनी लावल्या ह्या? पुढं या! माज्या बापाच्या दारात काटं लावतायसा?”

त्यांच्या दारापुढे बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. बिडीवाल्या मामंजींना वीस वर्षांचा खोकला, तो सगळ्या गावाला पाठ. सकाळी मी ‘आमच्या मामंजींची’ म्हटलं आणि पाच महिने सातही म्हाताऱ्यांना मी ‘आमचे’च म्हणत आले होते. माझे स्वतःचे सासरे तर डोळे दाखवायला कराडला गेले होते. मग उरलं कोण? जो खोकतो तो. त्यांची सून रखमा घागर घेऊन नळावर गेली तर बायकांनी तिला लांबूनच परतवलं. तिचा मला फोन आला तेव्हा ती रडत होती.

“ताई, आमच्यात कुनाला कायबी न्हाई वं. आमचं म्हातारं सकाळधरनं उपाशी बसलंय. म्हनतंय, भावकीतल्या सुनंनंच माजं नाव भोंग्यावर घातलं. तुमी आसं कसं सांगितलासा?”

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. निष्पाप माणसाच्या दारात माझ्यामुळे काटे लागले होते आणि ज्या तिघांना बोलवायचं होतं ते घरात गप्प बसले होते. कुणाचा आकडा किती उतरला असेल, कोण जाणे.

मी कोविड सेंटरला फोन लावला. नर्सने मामंजींच्या कानाला लावून दिला.

“मामंजी, नुसती तिघांची नावं सांगा. मी कुनाला सांगत न्हाई. मंदा गुपचूप जाऊन तपासंल.”

त्यांनी आधी नर्सला बाजूला जायला सांगितलं.

“शब्द दिलाय,” ते म्हणाले.

“कुनाला?”

“मेंढीकोटाला बसलो तवा एकमेकास्नी. ठिवू का फोन?”

मग ह्यांचा फोन आला. गावातली बातमी मार्केटात माझ्याआधी पोचायची. हे वडिलांना अण्णा म्हणतात. म्हणाले, “डिसेंबर-जानेवारीत निवडणूक लागंल. अण्णांचं नाव भोंग्यावर गेलं तर आनंदराव ढोल वाजवतील ढोल. दोन दिवस गप ऱ्हा, आपोआप निवळंल.” आनंदराव माने आणि मामंजी यांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. शाळेची नवी खोली कुठे बांधायची यावरून भांडण झालं, ती खोली बांधून जुनी झाली, तरी हे दोघे समोरासमोर आले की एक जण गटार ओलांडून पलीकडून जायचा.

मी फोन ठेवला. आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या.

“घेतीयास नाव?” त्यांनी विचारलं.

“आत्याबाई, दुसरं काय करू? ‘सरपंचांचे सासरे’ म्हटलं तरी लोक म्हणणार, त्यांना तर मोतीबिंदू झालाय. नाव घेतल्याशिवाय त्या तिघांची पळवाट बंद होणार नाही.”

त्या उठल्या. माझा पदर डोक्यावरून घसरला होता तो त्यांनी नीट केला. लग्नातला उखाणा सोडला, तर साठ वर्षांच्या संसारात त्यांनीही ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. मामंजींना हाक मारायची तर त्या भांडं वाजवायच्या.

“माज्याच्यानं झालं न्हाई कदी,” त्या म्हणाल्या. “तुज्याच्यानं हुतंय का बग.”

दुपारी तीनला भोंगा लागला तसं गाव चरकलंच असणार, कारण नऊशिवाय मी कधी बोलत नसे. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं. लिहायला चालतं. कागदाकडे बघून वाचायचं, बस.

“हॅलो. मी सरपंच शालन शेलार बोलते. सकाळी मी अर्धवट सांगितलं, ती चूक माझी. ज्यांची तपासणी पॉझिटिव्ह आली ते माझे सख्खे सासरे आहेत. ते डोळे दाखवायला गेलेले नाहीत, कोविड सेंटरला आहेत. त्यांचं नाव—”

आणि आवाज बंद. ओठ हलत होते, घशातून काही येत नव्हतं. माझा श्वास तेवढा गावभर ऐकू गेला म्हणे. कुणी म्हणतं मिनिटभर, कुणी म्हणतं पाच मिनिटं. मी कागदावर बोट ठेवलं, अक्षरं दिसेनात, डोळे भरले होते. मग मी डोळे मिटून घेतले.

“त्यांचं नाव श्री. हैबतराव कोंडिबा शेलार.”

एकदा म्हटलं तसं पुढचं सुटलं. “हैबतराव कोंडिबा शेलार हे आमच्या गोठ्यावर रोज दुपारी पत्ते खेळत होते. त्यांच्याबरोबर तिघे होते. ते कोण, हे मी विचारत नाही. घरातून किटलीत चार कप चहा जात होता, एवढं मला माहीत आहे. त्या तिघांनी तासाभरात शाळेच्या मागच्या दाराने यावं. तुम्हाला गावाची लाज वाटत असेल तर माझ्या घराकडे बघा. आमची लाज मी आत्ताच गावाला वाटून टाकली आहे. आणि बिडीवाल्या मामंजींना काहीही झालेलं नाही. त्यांच्या दारात ज्यांनी फांद्या टाकल्या त्यांनी त्या आपल्या हाताने काढाव्यात. मला माहीत आहे त्या कुणी टाकल्या.”

ते मला अजिबात माहीत नव्हतं. पण दहा मिनिटांत फांद्या निघाल्या.

बटण बंद करून मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले. बापाला चारचौघांत उघडं केल्यासारखं वाटत होतं. त्यांनी जाताना एकच गोष्ट मागितली होती आणि मी एक दिवसही ती पाळू शकले नव्हते.

पाऊण तासाने मंदाचा फोन आला. “आले वहिनी तिघंही.” पहिले आले ते निवृत्त झालेले कुंभार मास्तर, जे गावच्या दक्षता समितीचे अध्यक्ष होते आणि रोज काठी घेऊन लोकांना घरात हाकलायचे. दुसरा देवळातला गुरव. आणि तिसरे डोक्यावर छत्री धरून, कपड्यांची पिशवी भरूनच घेऊन आले, ते आनंदराव माने.

“कोण?” मी दोनदा विचारलं.

“आनंदराव माने. तुमच्या मामांचे भिडू. चार महिने झाले म्हणे खेळतात. गावाला कळू नये म्हणून ओढ्याच्या वाटेने यायचे.”

मास्तर सुटले. गुरव आणि आनंदराव पॉझिटिव्ह निघाले. आनंदरावांना शुगर, आणि बोटावरच्या यंत्रात आकडा आला चौऱ्याऐंशी. ते मात्र मंदाशी नेटाने गप्पा मारत होते. त्यांना तिथूनच कराडच्या दवाखान्यात हलवलं. सहा दिवस ते ऑक्सिजनवर होते. बरे वाटल्यावर त्यांनी मला पहिला फोन केला.

“सहीवाल्या बाई,” ते म्हणाले आणि खोकत बसले. मग म्हणाले, “सरपंच, खरं सांगतो. सकाळी तू बोललीस तवाच मला अर्धं कळलं हुतं. पण लोकं बिडीवाल्यावर गेली आन् मी म्हनलं, बरं झालं, सुटलो. दार लावून पडून ऱ्हायलो. तू नाव घेतलंस आन् मग मला पडवंना. म्हनलं, पोरगी सासऱ्याचं नाव घेती आन् आपुन गडी असून पांघरुनात?” पुढे त्यांना बोलवेना. त्यांना कोविड सेंटरला परत आणलं तेव्हा मामंजींच्या शेजारचीच खाट मिळाली. चार महिने चोरून भेटत होते, तिथे ते सगळ्यांदेखत बोलले असतील.

मामंजी तेराव्या दिवशी घरी आले. वाळले होते, कवळी सैल झाली होती. मी ओवाळायला तबक घेऊन उभी होते. त्यांनी ओवाळून घेतलं आणि माझ्याकडे न बघता आत गेले. तीन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. ‘तिला सांग च्या टाकायला’, ‘तिला म्हनावं पानी तापव’. आत्याबाई मधल्या मध्ये निरोप्या झाल्या. शेवटी मी मनाशी म्हटलं, नसेना का बोलत, माणूस तर घरात आहे.

चौथ्या दिवशी पावणेनऊला मी पंचायतीची किल्ली घेऊन निघाले. मामंजी ओट्यावर बसले होते. आत्याबाई गोठ्यात होत्या.

“थांब जरा.”

मी थांबले.

“सगळा गाव सांगतूय. आनंदा सांगत हुता, गुरव सांगत हुता, त्यो बिडीवाला बी येऊन सांगून गेला. म्हनं लई झ्याक घेतलंस नाव. वाडवडलांसकट घेतलंस. पार ओढ्यापतूर गेलं म्हनं.”

“चुकलं, मामंजी.”

“त्ये न्हाई मी म्हनत.” त्यांनी चंची उघडली आणि उगाच बंद केली. “आई गेली तवा म्या सात वर्सांचा. बहीन नव्हती. तुज्या आत्यानं लग्नात उखाना घेतला असंल, पर त्या टायमाला वाजंत्री आशी वाजत हुती का मला कायबी ऐकू आलं न्हाई. बाईमानसाच्या तोंडनं आपलं नाव कसं लागतंय, त्ये मला ठावंच न्हाई बग. समद्या गावानं ऐकलं. ज्याचं हाय त्यानं तेवढं ऐकलं न्हाई.”

मी किल्ली या हातातून त्या हातात घेत उभी होते.

“एकदा घे की,” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “कसं घेतलंस त्ये.”

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. ज्या बाईने दीडशे घरांना ऐकवलं तिला समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याला ऐकवता येईना.

“मामंजी, नऊ वाजाय आलं,” एवढंच म्हणाले आणि जवळजवळ पळत सुटले.

खोलीत जाऊन बटण दाबलं. रेशनचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, काल नवीन रुग्ण नाही हे सांगितलं. आणि मग कागदावर नसलेलं बोलले. “आता आपल्या गावातले बरे होऊन घरी आलेले रुग्ण. त्यांचं गावातर्फे स्वागत. श्री. हैबतराव कोंडिबा शेलार.” मी सावकाश घेतलं, एकेक शब्द सुटा करून. त्यानंतर गुरवाचं घेतलं.

घरी आले तर ओट्यावर दोघंही होती. आत्याबाई शेणाने भरलेले हात तसेच लांब धरून उंबऱ्याशी टेकल्या होत्या, गोठ्यातून धावत आल्या असाव्यात. मामंजींनी फेटा बांधला होता. तेरा दिवस दवाखान्यात राहून आलेला माणूस, कुठे जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं. मी मान खाली घालून बाजूने आत निघाले.

“शालन.”

“जी?”

“ती बरं झाल्याल्यांची यादी. उद्या बी वाचायची असती का गं?”

“वाचायची असते, मामंजी,” मी म्हणाले. “रोजच वाचायची असते.”

पुढे भोंगा बंद होईपर्यंत, जवळजवळ दोन महिने, बरे झालेल्यांची यादी मी रोज वाचली आणि रोज त्यांच्याच नावाने सुरू केली. यादी वाढत गेली, आनंदराव आले, आणखी बरेच आले. पण हे नाव तर कालच सांगितलं, असं गावात एकाही माणसाने मला कधी म्हटलं नाही.